तोनिसची पानं

सिक्स्टेनला मदत हवी होती, पण मागायची म्हटली की त्याची जीभ रेटत नसे. आणि काम होतं डॉक्युमेंटेशनचं. त्यामुळे आपणहून पुढे होणारंही कुणी नव्हतं. कोड लिहायला माणसं मिळतात. तो कोड कसा वापरायचा हे समजावून सांगणारी चार पानं लिहा म्हटलं, की ज्याला त्याला घरचं काम आठवतं.

आमची भाषा तॅर्ना. प्रोग्रॅम लिहायची. गोथेनबर्गमध्ये आम्ही काही जणांनी तरुणपणी सुरू केली आणि मग तिला जगभरातून लोक मिळत गेले. तिच्यात सगळा कारभार फंक्शनांचा. फंक्शनला जे द्याल त्यावरून ते उत्तर देणार. तेच दिलंत तर तेच उत्तर, आज द्या नाहीतर दहा वर्षांनी. मधल्यामध्ये गुपचूप कुठली फाइल उघडणं नाही, कुणाला निरोप धाडणं नाही. बाहेरच्या जगाला हात लावायचा असेल तर तसं उघड लिहून द्यावं लागतं. ह्या सरळपणावरच आम्ही भाळलो होतो. अशा फंक्शनांचा इतरांना आयता वापरता येईल असा संच म्हणजे लायब्ररी. मी तारखा-वारांची लायब्ररी सांभाळते. सिक्स्टेन सांभाळायचा लोट्स.

खडकांमधून वाट दाखवत जहाज बंदरात आणणाऱ्या माणसाला आमच्याकडे लोट्स म्हणतात. सिक्स्टेनचे वडील तेच काम करत, म्हणून हे नाव. लायब्ररी लिहिणारा प्रत्येक फंक्शनच्या डोक्यावर दोन ओळींची टीप लिहितो, आणि लोट्स त्या टिपा गोळा करून वाचायला नीट पानं तयार करतं. त्याची खरी करामत वेगळीच होती. टिपेत उदाहरण दिलेलं असेल तर लोट्स ते खरोखर चालवून बघायचं. लिहिलेलं उत्तर आणि आलेलं उत्तर जुळलं नाही, तर पान तयारच व्हायचं नाही. "माझ्याकडे खोटं बोलायला बंदी आहे," सिक्स्टेन म्हणायचा. हे सांगताना तो जरा ताठ बसायचा.

दिवसा तो बंदरातल्या क्रेनांचं वेळापत्रक बनवणाऱ्या एका कंपनीत नोकरी करायचा. लोट्सचं काम त्यातून उरलेल्या वेळात. आणि मग तो वेळही उरेना. त्याच्या मुलीनं, टीरानं, आठवीत शाळा सोडली. सोडली म्हणजे काय, एका सोमवारी ती उठलीच नाही, आणि त्यानंतर कुठल्याच सोमवारी उठली नाही. तिची आई उत्तरेला उमिओमध्ये, दुसऱ्या संसारात. सिक्स्टेन शाळेच्या बैठकांना जायचा, समाजखात्याच्या बाईंना भेटायचा, डॉक्टरांकडे रांगेत नाव घालायचा आणि घरी येऊन मुलीच्या बंद दाराबाहेर उभा राहायचा. इकडे लोट्सच्या तक्रारी साचत गेल्या.

तोनिस तेव्हा आला. आला म्हणजे पडद्यावर. एस्टोनियात तार्तूला राहतो म्हणाला. सुरुवातीला त्यानं शुद्धलेखनाच्या चुका काढल्या. मग मजकुराच्या लायब्ररीची सगळी पानं नव्यानं लिहून पाठवली. ती वाचून मी खुर्चीत मागे रेलले होते, हे मला चांगलं आठवतं. "रिकाम्या ओळीचे तुकडे केलेत तर काय मिळेल? एक रिकामा तुकडा. काहीच नाही, असं नव्हे. ह्या खड्ड्यात बहुतेक जण एकदा पडतात. मी दोनदा पडलोय." अशी पानं. वाचणारा कुठे अडखळणार हे त्याला आधी कळायचं.

"हा माणूस कुठे होता इतके दिवस?" मी सिक्स्टेनला विचारलं.

"तार्तूत," तो म्हणाला आणि हसला. पुष्कळ महिन्यांनी हसला.

दोघांचं बोलणं कामावरून घरावर कसं आलं ते मला ठाऊक नाही. एकदा कॉफी पिताना सिक्स्टेन म्हणाला, "तोनिसची बहीणही अशीच घरी बसली होती म्हणे. तो म्हणतो, शाळेचं नावच काढू नकोस. दारावर टकटक करू नकोस. तिला ऐकू येईल असं काहीतरी करत राहा फक्त. बटाटे सोल, रेडिओ लाव. माणूस घरात आहे आणि तो काही मागत नाहीये, एवढं तिला कळू दे."

"आणि मग?"

"मग काही नाही. मी दाराबाहेर स्टूल टाकून बटाटे सोलतो." तो ओशाळला. "परवा तिनं दार उघडून सांगितलं, पप्पा, तू साल फार जाड काढतोस."

मीही मनातल्या मनात त्या तोनिसचे आभारच मानले.

त्याच सुमाराला मात्र लोट्सच्या चर्चेच्या पानावर दोघे-तिघे जण सिक्स्टेनच्या मागे लागले होते. कधी न ऐकलेली नावं. "हे साधन मेलंय का?" "सांभाळणं जमत नसेल तर दुसऱ्याला द्या." "एक माणूस सगळ्यांची वाट अडवून बसलाय." रोज काही ना काही टोचणी. तोनिस बिचारा त्यांना समजावायचा, जरा धीर धरा म्हणायचा. आणि शेवटी त्यानंच एक गोष्ट सुचवली.

लोट्स उदाहरणं चालवायचं ते एका बंद खोलीत. म्हणजे त्या उदाहरणाला तुमच्या संगणकावरच्या फायली दिसत नसत, बाहेरचं इंटरनेटचं जाळं दिसत नसे. ही खबरदारी सिक्स्टेननं पहिल्या दिवसापासून घेतली होती. पण त्यामुळे फायली वाचणाऱ्या लायब्ररींची उदाहरणं चालतच नसत, आणि निम्म्या तक्रारी त्याच्याच होत्या. तोनिस म्हणाला, खोलीला एक छोटी खिडकी पाडू, मी लिहितो. सिक्स्टेन बरेच दिवस नाही म्हणत राहिला. मग एका आठवड्यात टीराच्या शाळेनं नोटीस धाडली, नोकरीत क्रेनांचा घोळ झाला, चर्चेच्या पानावर कुणीतरी त्याला "म्हातारा पहारेकरी" म्हटलं. तो हो म्हणाला. पुढे लोट्सची नवी आवृत्ती काढायची किल्लीही त्यानं तोनिसला दिली. तसं त्यानं जाहीर केलं, तेव्हा आम्ही सगळ्यांनी अभिनंदन केलं.

मी राहते गोथेनबर्गसमोरच्या डॉन्सो बेटावर. नोव्हेंबरातल्या एका वादळात आमच्या बेटाचं इंटरनेट गेलं. बोटीही बंद होत्या, म्हणून म्हटलं आपल्या लायब्ररीची पानं नव्यानं तयार करून ठेवू. ह्या कामाला जाळं लागत नाही. चालू केलं, आणि लोट्स मध्येच अडकून बसलं. चूक दाखवेना, पुढे जाईना. कुणाची तरी वाट बघत बसावं तसं.

कुठे अडकलंय ते शोधलं. ओळीचे तुकडे करायचं उदाहरण, माझी लायब्ररी जिच्यावर उभी आहे त्या मजकुराच्या लायब्ररीतलं. त्या रिकाम्या ओळीचं. ओळ कापायला इंटरनेट कशाला लागतं?

दिवसभर मी त्या धाग्याच्या मागे होते. उदाहरणासोबत नमुना म्हणून मजकुराची एक फाइल जोडलेली होती. दिसायला अगम्य अक्षरं. परक्या लिप्यांची चाचणी म्हणून ठेवलीय असं तोनिसनं वर लिहिलं होतं. ती अक्षरं विशिष्ट रीतीनं उलगडली की त्यातून एक छोटा प्रोग्रॅम निघत होता. तो त्या खिडकीतून बाहेर हात घालायचा, संगणकावर लायब्ररी प्रसिद्ध करायच्या किल्ल्या आहेत का बघायचा आणि असल्या तर गुपचूप बाहेर पाठवायचा. अशी किल्ली ज्याच्या हाती, तो तुमच्या नावानं वाटेल ते प्रसिद्ध करू शकतो. आणि ती लायब्ररी वापरणारे तुमच्यावर विश्वास ठेवून ते आपल्या घरात घेतात.

खिडकी तोनिसची, उदाहरण तोनिसचं, फाइल तोनिसची.

दुसऱ्या दिवशी बोटी सुरू झाल्या तशी मी सिक्स्टेनकडे शहरात, मायोर्नाला गेले. फोनवर सांगायची ही गोष्ट नव्हती. गुरुवार होता, आमच्याकडे सूप-पॅनकेकचा वार. घरात वाटाण्याच्या सुपाचा वास होता, तव्यावर पॅनकेक चालले होते आणि टेबलाशी टीरा बसली होती. वर्षभरात मी तिला पहिल्यांदा पाहत होते. केस वाढलेले, अंगात बापाचा स्वेटर.

"बस ना, वेंडेला," ती म्हणाली. "पप्पा आज पॅनकेक जाळत नाहीये. फोटो काढून ठेव."

"जळकं खाऊनच मोठी झालीस ना?" सिक्स्टेन तव्यावरून म्हणाला. त्याचा चेहरा असा उजळलेला होता की मी सूप संपेपर्यंत तोंड उघडलं नाही. मग म्हटलं, जरा खाली येतोस? सायकल बघायचीय.

अंगणात सायकलींच्या छपराखाली मी त्याला सगळं सांगितलं. तो ऐकत राहिला. मग म्हणाला, "त्याला कुणीतरी फसवलं असणार. त्याचा संगणक कुणीतरी फोडला असणार."

"सिक्स्टेन, खिडकी त्यानं हातानं लिहिलीय. सांगितली त्याहून मोठी. मी ओळ न् ओळ वाचलीय."

"तू ओळखत नाहीस त्याला."

"तू ओळखतोस? चेहरा बघितलायस? आवाज ऐकलायस?"

वरच्या खिडकीतून टीराचा रेडिओ ऐकू येत होता.

"हे बघ," मी म्हटलं, "आधी सगळ्यांच्या किल्ल्या बदलून घ्यायच्या. शांतपणे. उद्या सकाळपर्यंत होईल. तोवर त्याला एक अक्षर कळता कामा नये. मग काय विचारायचं ते विचार."

"हो," तो म्हणाला.

मी बोटीत बसून निरोप धाडायला लागले. पण मी डॉन्सोला पोचायच्या आत सिक्स्टेननं त्याला लिहिलं होतं. एकच ओळ. "हे तू केलंस का?"

उत्तर आलं नाही. संध्याकाळ व्हायच्या आत तोनिसचं खातं पुसलं गेलं, आणि चोरलेल्या किल्ल्या ज्याच्या हातात होत्या त्यानं त्या एकदम वापरल्या. बऱ्याच लायब्ररींच्या खोट्या आवृत्त्या बाहेर पडल्या. त्यांत माझीही होती. तारखांची लायब्ररी कोण कोण वापरतं हे मला तोवर नीट ठाऊकही नव्हतं. पुढच्या काही दिवसांत कळलं. एका लहान दवाखान्याच्या भेटींची यादी कोलमडली, नॉर्वेतली एक बोटकंपनी तिकिटं विकू शकेना. लोक मला विचारत होते की तुझ्या नावानं आलेलं हे काय आहे, आणि मी त्यांना माफी मागणारी उत्तरं लिहीत होते.

मी सिक्स्टेनला फोन केला तेव्हा माझा आवाज चढलेला होता. "एक रात्र! एक रात्र कळ काढवली नाही तुला?"

"मला ऐकायचं होतं त्याच्या तोंडून," तो म्हणाला.

"त्याला तोंड नव्हतंच, सिक्स्टेन!"

फोन ठेवल्यावरही माझा राग गेला नाही. खरं सांगायचं तर अजून थोडा आहे.

सगळं निस्तरल्यावर हिशेब मागायची पाळी आली. चर्चेच्या पानावर आता खरी माणसं होती, आमचीच, वर्षानुवर्षांची. त्यांचं म्हणणं गैर नव्हतं. हा माणूस आत कसा शिरला ते कळलं पाहिजे, म्हणजे पुन्हा तसं होणार नाही. सिक्स्टेननं त्याच्याशी झालेलं सगळं बोलणं सर्वांसमोर मांडावं.

पोलिसांना सिक्स्टेननं हवं ते दिलं. आम्हाला मात्र नाही म्हणाला. कारणही सांगितलं नाही.

कारण मला माहीत होतं. त्या बोलण्यात टीरा होती. तिचं अंघोळ न करणं होतं, तिचं रडणं, डॉक्टर काय म्हणाले ते. रोज कामावर जाताना, परत आल्यावर दाराआड काय दिसेल ह्याची त्याला वाटणारी भीती होती. तोनिसला त्यानं ते सगळं लिहिलं होतं, कारण तोनिसनं विचारलं होतं.

तो गप्प राहिला तशी कुजबुज वाढली. काय लपवतोय? पैसे घेतले का? मिळालेला तर नाही ना? एक डॅनिश माणूस, ज्याच्याकडे आम्ही दोघं कधीकाळी मुक्कामाला राहिलो होतो, त्यानं उघड लिहिलं की निर्दोष माणसाला लपवायला काही नसतं. मी उत्तर लिहायला बसले आणि पुसून टाकलं. सिक्स्टेननं मला बजावलं होतं, "तिचं नाव निघता कामा नये. घरगुती अडचण एवढंसुद्धा लिहू नकोस. लोक लगेच शोधतात."

टीराला हे बाहेरूनच कळलं. एका शनिवारी ती एकटी साल्टहोल्मेनच्या धक्क्यावरून बोट पकडून माझ्याकडे आली. दारात उभी. ओठ निळे पडलेले. बोटीच्या आत माणसं होती म्हणून ती सगळा वेळ बाहेर वाऱ्यात उभी होती.

मी तिला चुलीजवळ बसवलं, दालचिनीचा बन दिला. तो तिनं कुस्करला फक्त.

"पप्पाला चोर म्हणतायत," ती म्हणाली. "मी वाचलं सगळं. तो तोनिस. बटाटे सोलायचं त्यानं सांगितलं होतं?"

"हो."

"आणि मला बोटीवर घेऊन जायचं, पहाटेच्या, रिकाम्या?"

"तेही बहुतेक."

तिनं बनचा चुरा तळहातावर गोळा केला. "त्याची बहीण खरी होती का?"

"माहीत नाही, टीरा. कुणालाच माहीत नाही."

"कारण ते बरोबर होतं," ती रागानं म्हणाली. "ते सगळं बरोबर होतं. ज्याला माहीत नाही त्याला ते सुचत नाही. मग असं कसं करतो माणूस?"

मीही त्याची पानं पुन्हा पुन्हा वाचत होते आणि तोच प्रश्न घेऊन बसले होते.

सिक्स्टेन पुढच्या बोटीनं धावत आला. चिठ्ठी न ठेवता ती घरातून गेलेली बघून त्याचं काय झालं असेल ते त्याच्या तोंडावरच होतं. तो तिला ओरडला नाही. तिच्या शेजारी बसला, बूटही न काढता.

"सांगून टाक सगळ्यांना," टीरा म्हणाली. "दे त्यांना सगळं. मला चालेल."

"नाही."

"माझंच आहे ना ते? मी म्हणतेय दे."

"तुझं आहे म्हणूनच नाही. तुला न विचारता मी ते एकदा एका माणसाला दिलं. तेवढं पुरे झालं."

"पण ते तुला चोर म्हणतायत, पप्पा!"

"म्हणू देत. मला वाईट वाटतं त्याचं. रोज वाटतं. पण मला जमेल ते."

ती त्याच्यावर खूप ओरडली. मी उठून बाहेर धक्क्यावर गेले. परत आले तेव्हा ती त्याच्या खांद्याला टेकून झोपली होती आणि तो हलत नव्हता.

डिसेंबरात सिक्स्टेननं लोट्स सोडलं. निरोपाच्या चार ओळी लिहिल्या, त्यांत स्वतःबद्दल काही नव्हतं. काहींनी आभार मानले, काहींनी त्यांतही खोट काढली. लोट्स माझ्याकडे आलं, कारण दुसरं कुणी घेईना. पहिलं काम म्हणून मी ती खिडकी बुजवली.

मग तोनिसच्या पानांचा प्रश्न आला. बहुतेकांचं मत पडलं की सगळी काढून टाकावीत. मीही हात वर केला. विष कुठे कुठे आहे कुणी सांगावं? पानं गेली, त्या जागी आम्ही घाईघाईनं लिहिलेली आली. ती बरोबर आहेत. कोरडी आहेत. नवे लोक पुन्हा त्या रिकाम्या ओळीच्या खड्ड्यात पडतात, विचारायला येतात, आणि मी सांगत बसते. सिक्स्टेन ह्याच्या विरुद्ध होता. म्हणाला, एकेक ओळ तपासून खरं तेवढं ठेवा. त्याचं मत आता कुणी धरत नव्हतं.

टीराचं म्हणाल तर ती घरात परतून दार लावून बसली, आणि आम्हाला वाटलं की गेलं सगळं पाण्यात. फेब्रुवारीत तिनं एका लहान शाळेत जायला सुरुवात केली. कधी जाते, कधी जात नाही. सिक्स्टेन विचारत नाही.

एप्रिलमध्ये मला एक निरोप आला. पोर्तुगालमधली कुणी एक बाई. लिहिलं होतं की लोट्स तिला आवडतं, पानं मात्र फार कोरडी आहेत, आणि तुम्ही एकट्याच दिसता, मी काही लिहून देऊ का? मी तो निरोप उघडून बंद करत राहिले. शेवटी सिक्स्टेनला वाचून दाखवला.

"काय करू?"

तो माझ्या अंगणात होडी खरवडत होता. हात न थांबवता म्हणाला, "मदत घे."

"तू सांगतोस हे?"

"मी एकटा होतो म्हणून त्यानं मला निवडलं, वेंडेला. तुला एकटं राहायचंय का?"

मी त्या बाईला लिहिलं की एकच पान पाठवा, आणि जमलं तर पडद्यावर तोंड दाखवून बोलू. ती बोलली. मांडीवर मांजर होतं, इंग्रजी मोडकंतोडकं. मग पान आलं. मी ते ओळीओळीनं वाचलं, प्रत्येक अक्षर उलगडून बघितलं, कुठे काही नव्हतं. पान चांगलं होतं. मी ते प्रसिद्ध केलं आणि पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचायला बसले.